आत्यानं वाचलेला शेवट

कारखान्यात शिलाई मशिनांचा नुसता कालवा, पण मागच्या काज-बटणाच्या खोलीत सगळं काम हातानं, म्हणून तिथे शांतता. तिथल्या बायकांचा एक नियम होता. एकीनं मोठ्यानं पुस्तक वाचायचं आणि तिच्या वाटची काजं बाकीच्या चौघींनी करायची. पुस्तक रटाळ निघालं, की वाचणारीनं मुकाट्यानं सुई हातात घ्यायची.

या वेळी पुस्तक निवडलं होतं आत्यानं. पन्नाशी ओलांडलेली, बिनलग्नाची, अख्ख्या कारखान्याची आत्या. कादंबरी पहिल्या प्रेमाची, जाडजूड, मुखपृष्ठावर रडवेली पोरगी. तिनं ती उगाच उचलली नव्हती. इस्त्रीच्या टेबलावरच्या विधुर गृहस्थांनी तिला सरळ विचारलं होतं, "लग्न करता का माझ्याशी? नाहीतर शनिवारी मी मुलीकडे कायमचा राहायला जातो." आणि आत्याला एकोणिसाव्या वर्षी एका सायकलवाल्या कंपाउंडरनं परगावी जाताना "थांब माझ्यासाठी" म्हणून सांगितलं होतं. ती बापडी थांबली होती. तेहेतीस वर्षं थांबलीस ते बरोबरच केलंस, असं कुणीतरी छापील अक्षरांत सांगावं, एवढीच तिची पुस्तकाकडून अपेक्षा होती.

पहिल्या वीस पानांत नायकानं अकरा वेळा डोळे पुसले, शपथा घेतल्या आणि तो परमुलखात चालता झाला. नायिका खिडकीत बसली. बसली ती बसलीच. दीडशे पानं आणि गोष्टीतली चाळीस वर्षं उलटली तरी बाई तिथून हलेना.

"हिला घरात कुणी काम सांगत नाही का गं?" हेडबाईंनी विचारलं.

"विरह आहे तो," आत्या म्हणाली.

"असेल. पण विरहात भांडी कोण घासतं?"

"आणि त्याची पत्रं किती आली?" चष्मेवालीनं विचारलं.

"दोन."

"चाळीस वर्षांत दोन? हात मोडला होता का मेल्याचा? त्यापेक्षा तो पोस्टमन बरा. रोज दारात येऊन 'पत्र नाही' म्हणून सांगतो तरी."

आत्या फणकारली खरी, पण बोलणं तिला झोंबलं. तिला स्वतःला एकच पत्र आलं होतं, तेही 'दवाखान्यात विसरलेली छत्री पाठवून दे' म्हणून. तिनं पाठवलीही होती. पुढे नायिकेला नायकाची पापणी न पापणी आठवत असल्याचं वर्णन आलं, तेव्हा आत्यानंही डोळे मिटून पाहिलं. सायकल आठवली, अगदी घंटीसकट. चेहरा काही केल्या येईना. तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

शुक्रवारी संध्याकाळी शेवटचं प्रकरण निघालं. वाचता वाचता आत्याची नजर पुढच्या ओळींवर गेली. नायक परतला होता, बायको आणि नातवंडांसकट, जुनं घर दाखवायला. त्याला लांबून पाहून नायिका कृतार्थ झाली होती आणि खिडकीतच मेली होती. लेखकाला हे फार सुंदर वाटलं असावं. त्यानं त्यावर चार पानं खर्ची घातली होती.

तेवढ्यात इस्त्रीवाले नेहमीप्रमाणे तयार शर्ट न्यायला दारात येऊन उभे राहिले.

आत्यानं घसा खाकरला. "'अखेर ती खिडकीतून उठली,'" ती वाचू लागली, "'तिचे गुडघे धरले होते. तिनं दार उघडलं आणि पोस्टमनला म्हणाली, पत्राचं राहू द्या, आत या, चहा घ्या.'"

चौघींच्या सुया थांबल्या.

"असं लिहिलंय?" हेडबाई पुस्तकात डोकावू लागल्या.

इस्त्रीवाल्यांनी शर्टांना हातही लावला नव्हता. "मग? पोस्टमन काय म्हणाला?" त्यांनी हळूच विचारलं.

आत्यानं पुस्तक मिटलं. "पुस्तकात ती मरते," ती म्हणाली. "मला नाही मरायचं. मुलीला कळवून टाका, उद्या येत नाही म्हणून."