पेराएवढा माणूस आणि खाली उतरलेली खिडकी

मी एक जुना लाकडी माणूस आहे. उंची म्हणाल तर तुमच्या बोटाच्या पेराएवढी. मूर्ती लहान, पण रुबाब मोठा! माझी ताई घरांचे आराखडे काढायला शिकत होती, तेव्हा तिनं मला पट्टीच्या तुटक्या टोकातून कोरलं. पायात टाचणी खुपसली आणि पुठ्ठ्याच्या घराच्या दाराशी उभं केलं.

मित्रांनो, माणसाशिवाय पुठ्ठ्याचं घर म्हणजे नुसतं खोकं. ते माणसांचं की कबुतरांचं, तेही कळत नाही. मी उभा राहिलो की बघणाऱ्याच्या डोळ्यांना माप मिळे. दार केवढं, छत किती वर, पायरी चढवेल का, सगळं माझ्यावरून ठरायचं. पुढे ताईनं आणि तिच्या धाकट्या भावानं मिळून कार्यालय थाटलं, तेव्हा तर माझ्यावाचून पान हलत नसे. शाळा, दवाखाने, वाचनालयं, सगळीकडे पहिलं पाऊल माझं. काय दिवस होते ते! टेबलभर गोंदाचा वास, चहाचे कप, आणि मध्यभागी ऐटीत मी.

मग त्या दोघांनी आईसाठी घर आखलं. आईचे पाय गेले होते, दिवस पलंगावरच जायचा. जुन्या खोलीत तिला समोरची भिंत तेवढी दिसे. नव्या घरात रस्ता दिसावा, एवढीच तिची इच्छा होती. धाकट्यानं दर्शनी खिडक्या अशा एका ओळीत बसवल्या की मीसुद्धा खूश झालो. खिडकीशी उभं राहिलं की सगळा रस्ता दिसत होता.

आईला चाकांच्या खुर्चीतून आणलं. तिनं मॉडेल बराच वेळ न्याहाळलं. मग मला चिमटीत उचललं आणि पुठ्ठ्याच्या पलंगावर आडवं केलं. जन्मात पहिल्यांदाच माझी पाठ टेकली.

"वाक आणि बघ," ती मुलाला म्हणाली. "याला काय दिसतंय?"

धाकटा वाकला. "छत... आणि आभाळाचा तुकडा."

"मला आभाळ नको रे, माणसं हवीत."

"अगं, पण एकच खिडकी खाली घेतली तर ओळ मोडेल. समोरून बघणाऱ्याला चुकल्यासारखं वाटेल."

"समोरून बघणारा बघेल आणि पुढे जाईल. आत मी राहणार आहे."

ताईनं हसू दाबलं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! इतकी घरं बांधली, पण मला झोपवून बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मग धाकट्यानं सुरी घेतली आणि ती खिडकी पलंगाच्या कडेपर्यंत खाली कापली.

ते घर मला पाहता आलं नाही. आई राहायला गेली, त्या दिवशी धाकटा कार्यालयात परतला आणि ताईला म्हणाला, "मी फाटकाबाहेर पडलो ना, तर आईनं पलंगावरून हात हलवला."

आता घरं संगणकावर उभी राहतात. त्यांत फिरणारी माणसं माझ्याहून देखणी आहेत, पण सगळी उभीच. मी खणात, खोडरबरांच्या सोबतीला. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? मित्रांनो, मला सांभाळलं नाहीत तरी चालेल. पण घर आखाल तेव्हा त्यात ज्याला उठून उभं राहता येणार नाही, त्याच्या उशीवर डोकं टेकून एकदा बाहेर बघा.