आधी सही, मग भाव

मी एक जुना निळा बॉलपेन आहे, ओहायोतल्या एका सरकारी हायस्कुलात प्रुइट सरांच्या टेबलाला दोरीने बांधलेला. एका बँकेने मला फुकट वाटलं होतं. त्यामुळे फुकट वाटणाऱ्यांच्या मनात काय असतं, हे मला जन्मापासून ठाऊक आहे. मित्रांनो, माझा स्वभावच संशयी.

मुलांना कॉलेजची वाट दाखवणं हे सरांचं काम. ऑक्टोबर सरत आला की त्यांच्याकडे एक करार येई. एकाच कॉलेजात आधी अर्ज करायचा, निवड झाली की तिथेच जायचं, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. खाली तीन सह्या: मुलाची, पालकाची, सरांची. "या पेनाने सही केली की निवड होतेच," असं मुलं म्हणत आणि सहीआधी माझ्यावर फुंकर मारत. मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग मला एक गोष्ट खटकली. सही करणाऱ्यांपैकी कुणीच फी किती, हे विचारत नव्हतं. ग्रेसन नावाच्या एका मुलाच्या वडिलांनी तर फोनवर सुट्टीचं बोलता बोलता सही ठोकली. मग गुण माझ्या शाईचा की त्यांच्या खिशाचा?

एकदा मॅरेन आली. हुशार पोरगी. तिची आई लॉर्ना वृद्धाश्रमात परिचारिका होती, कामावरून तशीच आली होती. मॅरेनने मला उचललं. आईने तिचा हात धरला.

"सर, आम्हाला भरावे किती लागतील?"

"अंदाज दिलाय त्यांनी. फीसाठी मिळणाऱ्या मदतीचा खरा आकडा निवडीबरोबर कळेल."

"म्हणजे आधी हो म्हणायचं आणि मग भाव विचारायचा? अहो, जुनी गाडीसुद्धा मी अशी घेत नाही!"

"मदत कमी पडली तर करारातून सोडतात ते," सर म्हणाले. "पण चार कॉलेजांचे आकडे शेजारी ठेवून निवडता येत नाही."

"आई, असा आधी अर्ज भरला तर जास्त मुलं घेतात गं! गेल्या वर्षी ग्रेसनला नाही का घेतलं?"

"त्याच्या बापाची चार दुकानं आहेत. माझे दोन पाय आहेत, तेही सुजलेले."

मॅरेनने मला खाली ठेवलं. दार आपटून गेली. मला बरं वाटलं आणि वाईटही.

तिने जानेवारीत सगळ्यांसारखे, करार न करता, अनेक कॉलेजांत अर्ज केले. करार मागणाऱ्या त्या कॉलेजने नाही म्हटलं. दुसऱ्या एका कॉलेजने भरपूर मदत देऊन बोलावलं. मे महिन्यात ती एकटीच आली.

"सर, तेव्हा सही केली असती तर घेतलं असतं मला?"

सरांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "बहुतेक."

आता सह्या पडद्यावर होतात. मी खणात पडून असतो, शाई वाळत चालली आहे. मित्रांनो, बोट टेकवण्याआधी कागद शेवटपर्यंत वाचा. भाव विचारणाऱ्याला मागे ठेवणारी रांग कुणी बांधली, हेही विचारा. आणि घरात कुणी भाव विचारला, तर त्या माणसावर रुसू नका. मॅरेन सात महिने आईशी धड बोलली नव्हती.