रिकामी परत आलेली टोपली

मी एक जुनी टोपली आहे. बेटेगावच्या दामूने मला बांबूच्या कामट्यांनी विणले आणि मासळीचे पाणी गळून जावे म्हणून माझा तळ जरा विरळ ठेवला. घिवलीच्या रखमाबाईने बरीच घासाघीस करून मला विकत घेतले. त्याला आता बारा वर्षे झाली. जिथे कामटी तुटली, तिथे तिने जाळ्याचा दोरा ओवला. आज माझ्या अंगात बांबू किती आणि दोरा किती, हे खुद्द दामूलाही सांगता येणार नाही.

ओहोटी लागली की रखमाबाई मला घेऊन खाडीच्या चिखलात उतरायची आणि शिंपल्या काढायची. तिच्याबरोबर चिमी असायची. चिमी डोंगरातल्या पाड्यावरची. भातकापणी आटोपली की ती कामासाठी किनाऱ्यावर यायची. दोघी गुडघाभर चिखलात उभ्या राहून दुपारपर्यंत गप्पा मारायच्या आणि मी हळूहळू जड होत जायचे. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

आमच्याकडे एक रीत आहे. कुणाच्या घरून भरलेली टोपली आली, तर ती रिकामी परत करायची नाही. काहीच नसेल तर मूठभर तांदूळ घालायचे, तेही नसतील तर आंब्याची डहाळी. टोपली रिकामी परत आली म्हणजे त्या घराशी नाते संपले. मी कितीतरी घरे फिरले, पण रिकामी कधी परतले नव्हते.

चिमीचा मुलगा प्रदीप. तो बोईसरला एका रसायनाच्या कारखान्यात कंत्राटी कामगार होता आणि सालवडला एका खोलीत सहा जणांबरोबर राहायचा. कामगारांच्या हातांना फोड येऊ लागले, तेव्हा तो गेटवर उभा राहून बोलला आणि त्याची नोकरी गेली. त्याच सुमारास दुसऱ्या एका रसायनाच्या कारखान्याचा सांडपाण्याचा नळ आमच्या खाडीच्या तोंडाशी आणायचे घाटत होते. लोकांनी प्रदीपला लोकसभेला उभे केले.

निवडणुकीला पैसा लागतो. तो माझ्यातून गेला. रखमाबाई मला डोक्यावर घेऊन दारोदार फिरली. कुणी दहाची नोट टाकली, कुणी चिल्लर, ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांनी सुके बोंबील टाकले. ते बोईसरच्या बाजारात विकून प्रचाराच्या जीपमध्ये डिझेल भरले. शेवटच्या सभेत प्रदीपने मला दोन्ही हातांनी वर धरले आणि म्हणाला, "माझा पैसा या टोपलीतला हाय. खाडीत तो नळ मी येऊ देणार नाय."

तो निवडून आला, आणि खरे सांगते, त्याने शब्द पाळला. पहिल्या पाच वर्षांत त्याने लोकसभेत आमच्या खाडीबद्दल सात प्रश्न विचारले. रखमाबाईची नात मोनाली ते मोबाइलवर शोधून वहीत उतरवून ठेवायची आणि आजीला वाचून दाखवायची. नळाचे काम अडले. चिमीला मात्र सातवा प्रश्न ऐकायला मिळाला नाही. ती त्याआधीच तापाने गेली.

दुसरी निवडणूक आली. रखमाबाई मला धुऊन, पदर खोचून तयार होती. प्रदीप आला तो पांढऱ्या गाडीतून. मागे आणखी अकरा गाड्या होत्या. त्या सगळ्या मनीषशेठच्या, म्हणजे ज्याचा नळ अडला होता त्याच्याच. प्रदीप म्हणाला, "मावशी, या वेळी वर्गणी नको. तू उन्हात फिरू नको." किती मायेने बोलला. रखमाबाईला भरून आले. मला मात्र रिकामे रिकामे वाटले. पण टोपलीला कोण विचारतो? तिने मला बोंबलांनी भरून त्याच्या गाडीत ठेवले.

निकालानंतर मी परत आले ती काठोकाठ भरून. लुगडे, नारळ, मिठाईचा डबा. माझ्या मागे टेम्पोत एकोणचाळीस प्लॅस्टिकचे टब, तसेच भरलेले, घराघरासाठी. बरोबर एक माणूस वही घेऊन आला होता. मिळाल्याची सही हवी, म्हणाला. वहीच्या पानाचा वरचा भाग त्याने दुमडून धरला होता.

मोनाली म्हणाली, "आजी, थांब. वर काय लिवलंय ते वाचू दे."

रखमाबाईने तिला दटावले. "चिमीच्या पोराच्या घरून टोपली भरून आलीय. त्यात वाचायचं काय?" आणि तिने सगळ्यांत आधी अंगठा उठवला. तिचा बघून बाकीच्या बायकांनीही उठवले.

वर्षभरात नळ खाडीच्या तोंडाशी आला. पाण्याला आधी वास आला, मग रंग आला. शिंपल्या चिखलातच तोंड उघडून मेल्या. मी ओहोटीला जायचे आणि तशीच परतायचे. मोनालीने पुन्हा मोबाइल उघडला. दुसऱ्या खेपेला प्रदीपने खाडीबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. एकदाच तो उभा राहिला होता आणि बोलला होता की, घिवलीच्या लोकांची नळाला हरकत नाही, चाळीस घरांची लेखी संमती माझ्याकडे आहे. मोनालीने ते दोनदा वाचले. रखमाबाईने आपल्या अंगठ्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी तिने मला मेलेल्या शिंपल्यांनी भरले आणि एस.टी.ने पालघरला खासदाराच्या कार्यालयात नेले. तिने मला त्याच्या टेबलावर ओतले. वास सगळ्या खोलीभर पसरला. प्रदीप उठून उभा राहिला. त्याने शिंपल्यांकडे पाहिले नाही. सवयीने त्याचा हात देवापुढच्या नारळाकडे गेला. तो नारळ त्याने माझ्यात ठेवला.

रखमाबाईने नारळ काढून टेबलावर ठेवला. "रिकामी दे."

"मावशी, असं नको करू. माजी आय असती तर तिला काय वाटलं असतं?"

"तुजी आय असती तर तीबी आज माज्यासारखी रिकाम्या हातानं बसली असती," ती म्हणाली. "आमची रीत तुला ठाऊक होती म्हणून तू टोपली भरून धाडलीस. परका असता तर आमी वाचून घेतलं असतं."

कुणाच्या दारातून मी रिकामी घरी आले, ती जन्मात पहिल्यांदा.

मित्रांनो, आता मी खुंटीला टांगलेली असते. नळ चालू आहे. प्रदीप तिसऱ्यांदा उभा आहे आणि सभेत अजून माझी गोष्ट सांगतो. लोक टाळ्या वाजवतात. माझे एवढेच मागणे आहे, दारात भरलेली टोपली आली तर ती कुणी भरली हे आधी विचारा. आपले माणूस असेल तर दोनदा विचारा. आणि जिच्यात तुमची मीठभाकर येते, ती टोपली जपा, कारण ती मोडायला फार वेळ लागत नाही.

परवा पुन्हा टेम्पो आला. भरलेले टब, तीच वही. रखमाबाईने मला खुंटीवरून काढले, उंबऱ्यात रिकामे ठेवले आणि माझ्या शेजारी बसली.

"मोनाली," ती म्हणाली, "दुमडलेलं पान उघड, आनि वरपासून वाच."