डाव्या पारड्यातली किल्ली

मी एक जुना लाकडी तराजू आहे, मित्रांनो, आणि गेल्या मंगळवारी माझ्या कपाटाची किल्ली सापडली. असं काही घडलेलंच नाही, असं नंतर ठरलं. तेव्हा मीही ठरल्याप्रमाणे वागतो आणि सुरुवातीपासून सांगतो.

मला एका सुताराने घडवलं. त्याची मुलगी, म्हणजे आमच्या ताई, शिक्षणावर संशोधन करायच्या. मुलं हाताळून जास्त शिकतात की नुसतं बघून, हा त्यांचा प्रश्न. बापाने दोन सारखे तराजू केले आणि म्हणाला, "पोरी, मोडले तर मोडू देत. दुसरे करून देईन."

माझा भाऊ एका शाळेत मुलांच्या हाती गेला. त्याने दगड तोलले, डबे तोलले, एकदा बेडूकही तोलला, आणि दुसऱ्याच वर्षी मोडला. नशीब लागतं. मी दुसऱ्या शाळेत, काचेच्या कपाटात. माझ्याकडे मुलांनी नुसतं बघायचं होतं.

ताईंना काचेवर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवायची होती. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी किल्ली माझ्या डाव्या पारड्यात ठेवली, चिठ्ठी छान सरळ चिकटवली आणि दार दाबलं. कुलूप दाबलं की बसणारं होतं. ताईंना वाटलं, किल्ली शिपाईकाकांकडे. काकांना वाटलं, ताईंकडे. अकरा वर्षं झाली, मी डावीकडे कलून उभा आहे.

एका मुलीने सांगून पाहिलं होतं. "बाई, त्यात किल्ली आहे."

"परीक्षेत किल्लीवर प्रश्न आहे का?"

"नाही."

"मग बस खाली."

परीक्षेत प्रश्न होता, दोन्हीकडे सारखं वजन ठेवलं तर कोणतं पारडं खाली जाईल? अख्ख्या वर्गाने लिहिलं, डावं. त्यावरून ताईंनी सिद्धांत मांडला की, नुसतं बघून शिकणाऱ्या मुलांना डावी बाजू जड वाटते. सिद्धांतावर पदवी मिळाली, पदवीवर नोकरी, नोकरीवर स्वतःची संस्था. आता कितीतरी वर्गांत फळा मुद्दाम उजव्या भिंतीला असतो. मुलांच्या माना तेवढ्या दुखतात.

मंगळवारी ताई मला संस्थेच्या प्रदर्शनासाठी न्यायला आल्या. काचेशी वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"अहो, किल्ली तर आतच आहे की," शिपाईकाका म्हणाले. "काच फोडू? दोन मिनिटांचं काम."

"कुठली किल्ली?"

"ती काय, डाव्या पारड्यात."

"मला नाही दिसत, काका."

काकांनी ताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माझाही चष्मा घरीच राहिला," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

जाताना ताईंनी काचेवर तळवा टेकला. "बाबा अजून विचारतात, दुसरा कसा आहे म्हणून."

"सांगा, अगदी नवा आहे."

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. पण हातात घेऊन जपा.

सबब, संबंधित कार्यालयास नम्र विनंती की, कपाट उघडणे शक्य नसल्यास सदर किल्ली किमान एका दिवसाकरिता उजव्या पारड्यात ठेवण्याची परवानगी मिळावी. किल्ली अर्जासोबत जोडली आहे.