राखेचं अस्तर

वीजकारखान्याची राख आणि कागद गिरणीचा गाळ कालवून केलेलं अस्तर पाणी झिरपू देत नाही, हे दाखवायला प्रयोगशाळेतल्या एका मदतनिसाची तीन वर्षं गेली. सोबती त्याला राखोबा म्हणत. शहराच्या नव्या कचराखड्ड्याच्या तळाशी तेच अस्तर घालायचं ठरलं, तेव्हा त्याने मनोमन देवाला हात जोडले. खड्ड्याच्या उताराखालीच त्याच्या थोरल्या बहिणीचं घर होतं, अंगणात विहीर. शेजारपाजार घरं सोडून गेला. ती राहिली, कारण हा म्हणाला होता, "ताई, माझ्या हातचं अस्तर आहे. विहिरीला काही होणार नाही."

अट एकच. अंथरल्यावर अठ्ठावीस दिवस ते ओलं राहिलं पाहिजे. बाळंतिणीसारखं जपा, असं कामगारांना बजावत तो ओली पोती स्वतः पसरी.

विसाव्या दिवशी तो तापाने पडला. चार दिवसांनी येऊन बघतो तर पोती कोपऱ्यात रचलेली आणि तळ उन्हाने पांढराफटक.

"पाणी कुणी बंद केलं?"

"पाहणीला बडे पाहुणे आले होते," मुकादम म्हणाला. "बुटांना चिखल नको, म्हणून साहेबांनीच सांगितलं."

राखोबाने एका भेगेत हातभर लांब काडी घातली. तेवढ्याच जाडीच्या अस्तरात ती सबंध आत गेली.

"भेगा बुजवल्यात की," मागून आलेले खड्ड्याच्या कामावरचे साहेब म्हणाले. "वरून कोरडी राख मारलीय."

"साहेब, ही तर नुसती पावडर लावली! उखडून पुन्हा घालावं लागेल."

"जुना खड्डा उतू चाललाय, राखोबा. कचरा काय माझ्या घरात ठेवू?"

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या कचरागाडीला आडवा गेला. "काका, सरका ना, मागे अकरा गाड्या आहेत," ड्रायव्हर अजिजीने म्हणाला. मुकादमाने राखोबाला दंडाला धरून बाजूला घेतलं. गाडी रिकामी झाली.

तो तडक ताईकडे गेला. ती पाणी शेंदत होती.

"ताई, हे पाणी पिऊ नकोस."

"आजपासून?"

"आज चांगलं आहे. चार-पाच वर्षांत घाण उतरेल."

ताईच्या हातातला दोर थांबला. "लेक न्यायला आला होता, तर हाकलला मी त्याला. म्हटलं, माझा भाऊ खोटं बोलत नाही. आता लेकही परक्या घरी राहतो, खोलीभर जागेत. मी जाऊ कुठे?"

त्याने दोर घ्यायला हात पुढे केला.

"तोंड धू आधी. केवढी राख माखलीस!" तिने त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं, मग घागर भरायला पुन्हा बादली विहिरीत सोडली. स्वयंपाक व्हायचा होता, आणि दुसरं पाणी नव्हतं.