शेजारच्या कार्बनावर हायड्रोजन नाही

आमच्या जव्हारकडच्या एका कॉलेजात एक जर्नल आहे. बारा वर्षांपूर्वी कुणीतरी ते लिहिलं आणि तेव्हापासून सगळे त्याच्यावरून उतरवतात. सायक्लोहेक्झॅनॉलमध्ये आम्ल घालून तापवलं, ब्याऐंशी अंशांवर तेलकट द्रव उतरला, त्याने ब्रोमीनच्या पाण्याचा पिवळा रंग घालवला. गॅस संपला तरी ब्याऐंशीच. थर्मामीटर फुटला तरी ब्याऐंशीच.

पोशेऱ्याच्या रविनाने शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत मात्र खरंच तापवलं. आणि लिहिलं, "ब्याऐंशीला काही आलं नाही. शंभराच्या पुढे पाण्याचे चार थेंब. फ्लास्कमध्ये पिवळा चिकट गोळा. ब्रोमीनचा रंग तसाच."

पन्नासात वीस मिळाले तर पदवी, नाहीतर वर्ष गेलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा वर केला. "एकतीस जणांचा रंग गेला. तुझाच कसा राहिला?"

"त्यांनी तापवलंच नाही, सर."

शिकवणारे सुदेश सर खोकले. एकतीस पोरं टेबलाखालच्या चपला बघायला लागली.

"बाटलीत दुसरंच काहीतरी आहे," रविना म्हणाली. "लेबल कुणी लावलं ते विचारा."

प्रयोगशाळेतले शिपाई पोश्यादादा पुढे आले. त्यांना लपवायची सवय नाही. "मीच लावला. पावसाळ्यात धुका आत येतं, लेबलं गळतात. दोन बाटल्या उघड्या, दोन कागद खाली. एक सायक्लो, एक बेंझिल. मंग वास घेतला. गोड वासाची ती सायक्लो. मोहाची आमी वासावरच तर वळखतो!"

पोरं हसली. परीक्षक हसले नाहीत.

"म्हणजे हे बेंझिल अल्कोहोल," रविना म्हणाली आणि कागदावर काढून दाखवलं. "पाणी निघायला शेजारच्या कार्बनावर हायड्रोजन लागतो. तो हायड्रोजन आणि हा ओएच मिळून पाणी जातं, मागे दुहेरी बंध राहतो. सायक्लोहेक्झॅनॉलमध्ये शेजारी तो आहे. इथे शेजारचा कार्बन कड्यातला, त्याचे चारही हात गुंतलेले. द्यायला त्याच्याकडे काहीच नाही. कितीही जाळा, दुहेरी बंध होणार नाही, आणि त्याच्याशिवाय ब्रोमीनचा रंग जात नाही. रेणू एकमेकांनाच चिकटतात. म्हणून गोळा."

"ब्रोमीन जुनं असेल," परीक्षक म्हणाले.

"तपासू या. दादा, डोक्याचं तेल देता?"

पोश्यादादांनी खिशातून खुरासणीच्या तेलाची बाटली काढली. खुरासणीत दुहेरी बंध भरपूर. रविनाने चार थेंब घालून नळी हलवली. तेल वर आलं, खालचं पाणी स्वच्छ. पिवळेपणा गेला.

"आयला," मागून दिपेश म्हणाला. तीन वर्षांत त्याने रंग जाताना पहिल्यांदाच पाहिला होता.

परीक्षकांनी सुदेश सरांना बाजूला घेतलं, पण कुजबुज सगळ्यांना ऐकू आली. हिला पास केलं तर एकतीस जणांचं काय? निकालाचं काय? मग परत येऊन गोड आवाजात म्हणाले, "बाळ, तू हुशार आहेस. एवढी ओळ खोड, ब्याऐंशी लिही. चाळीस देतो."

"तुमच्यासमोर झालं ना, सर? मग तुम्हीच लिहा की ब्याऐंशीला काय आलं."

"उद्धटपणाचे गुण नसतात."

"खोटेपणाचे असतात. एकतीस जणांना दिलेत."

परीक्षकांनी अठरा लिहिले. तिने कारण लेखी मागितलं. त्यांनी घड्याळ बघितलं. जव्हारला आलेले सगळे बघतात ते शिरपामाळ बघायचं राहिलं होतं, उजेड होता तोवर. गाडी निघाली.

रविना पायरीवर बसून पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरायला लागली. सुदेश सर शेजारी येऊन उभे राहिले. माणूस वाईट नाही, नोकरीला घाबरतो.

"अगं, हट्ट सोड. असं लिहिलंस तर दर वेळी अठराच मिळतील."

"मिळू द्या," ती म्हणाली. "पेन द्या जरा, माझं संपलं."

सरांनी खिसा चाचपला आणि पेन दिलं.