मुळा कोण?

‘मुळा’ हे नाव मीच ठेवलं होतं. कुरेमात्सु रोज डब्यात भाताबरोबर खारवलेला मुळा आणायचा आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा कुडुमकुडुम चावायचा. डोकं उठायचं माझं! तेव्हा ओसाकातल्या आमच्या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत कोणाचंच खरं नाव खेळाच्या शेवटी पडद्यावर येत नसे. नाव दिसलं की दुसरी कंपनी माणूस पळवणार, ही भीती. म्हणून सगळ्यांना टोपणनावं. चित्रं काढणारा ‘टक्कल’, संगीत देणारा ‘मुळा’. मी त्यांचा साहेब, इसोगाई. मीही चाली करायचो, पण माझ्या चाली कोणी गुणगुणत नसे.

कुरेमात्सुच्या चाली मात्र शाळेतली पोरं गुणगुणायची. खेळाच्या त्या जुन्या यंत्रात एका वेळी तीनच सूर वाजायचे. खेळणाऱ्याने उडी मारली की त्या आवाजापायी एक सूर गप्प व्हायचा आणि चाल लंगडायची. आम्ही सगळे यंत्राच्या नावाने बोटं मोडायचो. हा पठ्ठ्या शनिवारी खेळ तपासायला येणाऱ्या पोरांच्या मागे उभा राहायचा, ती कुठे उडी मारतात ते वहीत मांडायचा आणि चालीत नेमकी तेवढी जागा रिकामी सोडायचा. पोरानं उडी मारली की त्या आवाजानेच चाल पुरी व्हायची. खोटं कशाला बोलू, मी जळून खाक व्हायचो.

अकरा वर्षांत त्याने एकच गोष्ट मागितली. “साहेब, एकदा तरी माझं नाव टाका ना.”

“पुढच्या खेळात बघू,” मी म्हणायचो. सात खेळ झाले. मग तो कंटाळून गेला, पियानो जुळवायच्या कामाला लागला. ‘मुळा’ हे नाव कंपनीकडेच राहिलं.

वीस वर्षांनी कंपनीने त्या चालींचा मोठा कार्यक्रम ठरवला, साठ वादकांचा. नव्या पोरसवदा साहेबांनी मला निवृत्तीतून शोधून काढलं. “मुळा म्हणजे तुम्हीच ना हो?”

मी हो म्हटलं. नाव मीच ठेवलेलं, मग काय बिघडलं? चालींची जुनी पानं मीच दिली आणि त्यातल्या रिकाम्या जागा व्हायोलिननी भरायला लावल्या. दुपारच्या कार्यक्रमात ती उड्यांची चाल चिकट भातासारखी घट्ट वाजली. जीव गेला होता तिच्यातला, मला कळलं ते. पण दोन हजार माणसं उभी राहिली, टाळ्या थांबेनात. रडू आलं मला, अगदी खरंखुरं.

नंतर माझी सही घ्यायच्या रांगेत कुरेमात्सु दिसला. केस पांढरे, इस्त्रीचा कोट. शेजारी विशीतली मुलगी.

“मी चिहारु,” मुलगी म्हणाली. “माझ्या लहानपणापासून बाबा सांगतात की मुळा म्हणजे ते स्वतः. आज तुम्हाला स्टेजवर बघितलं. तुम्हीच सांगा, ही चाल कोणाची?”

कुरेमात्सु माझ्याकडे बघत होता. एका शब्दाचं काम होतं. मागे रांग थांबलेली, शेजारी कंपनीचे साहेब हसतमुख उभे.

“असं सांगणारे बरेच भेटतात हो,” मी म्हणालो.

“बाबा म्हणतात, मूळ चालीत उडीसाठी जागा सोडलेल्या होत्या. आज त्या ऐकू आल्या नाहीत.”

“जागा कसल्या? चुका होत्या त्या. यंत्र साधं होतं. आता दुरुस्त केल्या मी.”

कुरेमात्सुचे ओठ हलले. आता बोलणार, असं वाटलं. मी मान वर करून त्याच्याकडे बघितलं, ऑफिसात बघायचो तसंच. त्याची नजर खाली गेली.

“साहेब सांगतात ते बरोबर आहे,” तो म्हणाला.

“मग इतकी वर्षं मला काय सांगत होतात, बाबा?”

तो कोटाचं बटण चाचपत राहिला. चिहारुने त्याच्या दंडाला धरून त्याला बाजूला केलं, हट्टी म्हाताऱ्याला करतात तसं. मग ती माझ्यासमोर कमरेतून खूप खाली वाकली.

“माफ करा. माझ्या वडिलांमुळे तुम्हाला त्रास झाला.”

“असू दे गं,” मी म्हणालो आणि तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर सही केली.